पॅरामॅग्नेटिक की डायामॅग्नेटिक? कोणता प्रश्न कधी विचारायचा

पोटॅशियम फेरोसायनाइड आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांच्या बाटल्या प्रयोगशाळेच्या फळीवर शेजारीशेजारी असतात. एक पिवळं, दुसरं लाल. दोन्हीत लोह, दोन्हीत सहा सायनाइड. आता प्रश्न येतो: यांतलं पॅरामॅग्नेटिक, म्हणजे चुंबकाकडे ओढलं जाणारं, कोणतं, आणि डायामॅग्नेटिक, म्हणजे चुंबकापासून किंचित ढकललं जाणारं, कोणतं? वर्गातली निम्मी मुलं लिहितात, 'सायनाइड स्ट्राँग लिगंड आहे, म्हणून दोन्ही डायामॅग्नेटिक.' पाठ केलेलं वाक्य, आणि साफ चूक. (लिगंड म्हणजे धातूला चिकटलेला रेणू किंवा आयन.) फेरिसायनाइड पॅरामॅग्नेटिक आहे. त्यात सायनाइड काय, त्याहून तगडा लिगंड आणून बसवला तरी ते डायामॅग्नेटिक होणार नाही. का, ते टप्पा २ मध्ये एका ओळीत कळेल.

बारावी, सीईटी, नीट, बीएस्सी, सगळीकडे चुका त्याच. मुलांना इलेक्ट्रॉन भरता येतात. चुकतो तो क्रम. जो प्रश्न चौथ्या टप्प्यावर विचारायचा तो पहिल्याच ओळीत विचारला जातो, आणि बऱ्याचदा तर तो विचारायची गरजही नसते.

शब्दांबद्दल एवढंच: मराठी पुस्तकांत या दोन्हींना वेगवेगळे प्रतिशब्द सापडतात, पण वर्गात सगळे पॅरामॅग्नेटिक, डायामॅग्नेटिकच म्हणतात, म्हणून इथेही तेच. 'अनपेअर्ड' इलेक्ट्रॉनला मी 'एकटा इलेक्ट्रॉन' म्हणणार आहे.

आधी नेमकं काय शोधायचंय ते

इलेक्ट्रॉनचा स्पिन म्हणजे एक चिमुकला चुंबक. जोडीतले दोघे उलट दिशांना असतात, एकमेकांना पुसून टाकतात. एखादा एकटा उरला की त्याचा चुंबक शिल्लक राहतो, बाहेरच्या क्षेत्राकडे वळतो, आणि पदार्थ क्षेत्राकडे ओढला जातो. हा पॅरामॅग्नेटिझम.

डायामॅग्नेटिझम मात्र प्रत्येक पदार्थात असतो, अगदी पॅरामॅग्नेटिक पदार्थातही. बाहेरचं क्षेत्र लागू झालं की सगळ्याच इलेक्ट्रॉनांच्या गतीत थोडा फरक पडतो आणि क्षेत्राला विरोध करणारं क्षीण चुंबकत्व तयार होतं. एकटा इलेक्ट्रॉन असला की त्याच्या ओढीपुढे हा विरोध झाकला जातो, नसला तर तेवढाच उरतो. पाणी ग्रॅममागे जेवढं ढकललं जातं, त्याच्या सुमारे आठपट ओढ मोरचुदाला, म्हणजे पाच पाणी असलेल्या कॉपर सल्फेटला, असते. आणि मोरचुदात दर तांब्यामागे एकटा इलेक्ट्रॉन एकच.

म्हणून शोधायचंय ते एकच: एकटे इलेक्ट्रॉन किती? शून्य आले तर डायामॅग्नेटिक. एक जरी असला तरी पॅरामॅग्नेटिक.

तयारी: कोऱ्या कागदावर तीन ओळी

सोडवायला बसण्याआधी या तीन ओळी कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहा. परीक्षेतही लिहा, अर्धं मिनिट लागतं.

पहिली ओळ, आवर्तसारणीतल्या गटांचे क्रमांक: स्कँडियम ३, टायटॅनियम ४, व्हॅनेडियम ५, क्रोमियम ६, मँगनीज ७, लोह ८, कोबाल्ट ९, निकेल १०, तांबं ११, जस्त १२.

दुसरी ओळ, लिगंडांचे भार. पाणी, अमोनिया, कार्बन मोनॉक्साइड, इथिलीनडायअमीन (यापुढे 'ईएन') यांचा शून्य. फ्लोराइड, क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड, सायनाइड, हायड्रॉक्साइड यांचा −१. ऑक्झॅलेट आणि ऑक्साइड यांचा −२.

तिसरी ओळ, लिगंडांची ताकद, कमीकडून जास्तीकडे: आयोडाइड, ब्रोमाइड, क्लोराइड, फ्लोराइड, पाणी, अमोनिया, ईएन, सायनाइड, कार्बन मोनॉक्साइड.

तिसऱ्या ओळीकडे इतक्यात बघायचं नाही. ती टप्पा ४ साठी आहे.

टप्पा ०: गाडी कोणत्या रुळावर?

संक्रमण धातू असलेला कॉम्प्लेक्स (धातू आणि त्याला चिकटलेले लिगंड) किंवा क्षार असेल तर टप्पा १ कडे जा. ऑक्सिजन, नायट्रिक ऑक्साइड यांसारखा साधा रेणू असेल तर थेट टप्पा ७. लँथॅनाइड (लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंतचा धातू) असेल तर टप्पा ८ मधल्या चार ओळी वाचा.

साखर, मीठ, पाणी, बेंझीन, अल्कोहोल यांवर डोकं खाजवू नका. सगळे इलेक्ट्रॉन जोडीत, सगळे डायामॅग्नेटिक. नेहमीच्या सेंद्रिय पदार्थांचंही तेच.

टप्पा १: धातूचा ऑक्सिडेशन नंबर

ऑक्सिडेशन नंबर म्हणजे धातूवर हिशेबाने येणारा भार. सूत्रातल्या चौकटी कंसाच्या बाहेर काय आहे ते आधी पाहा. फेरोसायनाइडात बाहेर चार पोटॅशियम, म्हणजे +४. मग आतल्या आयनाचा भार −४. आत सहा सायनाइड, −६. लोहाकडे उरले +२. फेरिसायनाइडात बाहेर पोटॅशियम तीनच, म्हणून लोह +३. एका पोटॅशियमचा फरक, आणि उत्तर उलटं.

इथे होणाऱ्या तीन चुका मला दरवर्षी दिसतात.

अमोनियाला −१ देणं. नावात 'अमीन' ऐकून मुलं त्याला ऋण भार लावतात. अमोनिया उदासीन रेणू आहे.

निकेल टेट्राकार्बोनिलमध्ये निकेलला +२ देणं. बाहेर कुणी नाही, आत चार उदासीन रेणू. निकेल शून्यावर आहे. शून्य हेही उत्तर असू शकतं.

तिसरी चूक सोडियम नायट्रोप्रुसाइडची. त्यात पाच सायनाइड आणि एक नायट्रोसिल असतं. नायट्रोसिल उदासीन धरलं तर लोह +३ येतं आणि पुढचं सगळं गडगडतं. हा क्षार प्रत्यक्षात डायामॅग्नेटिक आहे, म्हणून इथे नायट्रोसिलला +१ आणि लोहाला +२ धरायची पद्धत आहे. हे एक पाठच करून टाका.

*पडताळा:* धातूचा नंबर + लिगंडांचे भार + बाहेरच्या आयनांचे भार = शून्य. बेरीज जमत नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: डी-इलेक्ट्रॉन मोजा

सर्वांत जास्त मार्क इथे जातात. लोहाची रचना ३डी मध्ये ६ आणि ४एस मध्ये २. फेरस (लोह +२) आयन करताना दोन इलेक्ट्रॉन काढायचे, तर मुलं ते ३डी मधून काढतात, कारण 'शेवटी भरलेले आधी निघतात' असं डोक्यात बसलेलं असतं. तसं होत नाही. ४एस चे आधी जातात. फेरस आयनात ३डी मध्ये पूर्ण ६ असतात आणि ४एस रिकामं.

ही भानगडच नको असेल तर सोपी वजाबाकी आहे: गट क्रमांक वजा ऑक्सिडेशन नंबर. लोह +२ साठी ८ − २ = ६. कोबाल्ट +३ साठी ९ − ३ = ६. क्रोमियम +३ साठी ६ − ३ = ३. तांबं +२ साठी ११ − २ = ९. क्रोमियम आणि तांबं यांच्या ४एस मध्ये एकच इलेक्ट्रॉन असतो, तो अपवादही या वजाबाकीत आपोआप मिटतो. निकेल टेट्राकार्बोनिलसाठी १० − ० = १०, म्हणजे कॉम्प्लेक्समध्ये ४एस चे दोन इलेक्ट्रॉनही डी मध्ये धरले जातात.

आता पेन खाली ठेवा. निम्मी उदाहरणं याच ठिकाणी संपतात.

*डी-संख्या ० किंवा १० आली?* एकटा कुणी असूच शकत नाही. डायामॅग्नेटिक. स्कँडियम +३, टायटॅनियम +४, क्युप्रस (तांबं +१), जस्त +२ आणि निकेल टेट्राकार्बोनिल इथेच सुटले. लिगंड कोण, आकार कोणता, काही बघायचं नाही.

*डी-संख्या विषम आली?* विषम इलेक्ट्रॉनांच्या जोड्या लावल्या की एक उरणारच. पॅरामॅग्नेटिक. फेरिसायनाइड म्हणजे ८ − ३ = ५. पाच जणांच्या पुरत्या जोड्या लावून दाखवा! लिगंडाची ताकद फार तर एकट्यांची संख्या पाचावरून एकावर आणेल, शून्यावर नाही.

*सावधान:* दोन धातू-अणू एकाच रेणूत जवळ असतील तर हा विषमाचा नियम एकेका अणूला लावू नका. क्युप्रिक ॲसिटेटच्या स्फटिकात तांब्याचे अणू जोडीने असतात आणि त्यांचे एकटे इलेक्ट्रॉन एकमेकांशी हातमिळवणी करतात. नेहमीच्या तापमानाला त्याचं चुंबकत्व अपेक्षेपेक्षा कमी भरतं आणि खूप थंड केलं की जवळजवळ नाहीसं होतं.

*रंगावरून उत्तर देऊ नका.* 'रंगीत म्हणजे एकटे इलेक्ट्रॉन' हा समज फार पसरलेला आहे. पोटॅशियम परमँगनेट गडद जांभळं आणि पोटॅशियम डायक्रोमेट नारिंगी, पण मँगनीज +७ आणि क्रोमियम +६, दोन्हीकडे डी-संख्या शून्य. त्यांचा रंग ऑक्सिजनकडून धातूकडे होणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या उडीतून येतो. उलट मोरचूद तव्यावर भाजलं की पाणी उडून पांढरी भुकटी उरते. रंग गेला, पण तांबं +२ च आहे, डी-संख्या ९ च आहे, एकटा इलेक्ट्रॉन जागच्या जागी आहे.

टप्पा ३: आकार ठरवा

टप्पा २ मध्ये सम संख्या (२, ४, ६, ८) आली, किंवा विषम संख्येत एकटे नेमके किती ते हवं असेल, तरच इथे या.

धातूला किती *दाते अणू* चिकटलेत ते मोजा. लिगंड नव्हे, दाते अणू, म्हणजे धातूला इलेक्ट्रॉनांची जोडी देणारे अणू. ईएनमध्ये दाते अणू दोन असतात, ऑक्झॅलेटमध्येही दोन. तीन ईएन म्हणजे सहा जागा.

सहा जागा असतील तर ऑक्टाहेड्रल (वर, खाली आणि चार बाजूंना एकेक), पुढे चला.

चार जागा असतील तर थांबा. चारात दोन आकार येतात, टेट्राहेड्रल (चतुष्फलक) आणि स्क्वेअर प्लेनर (सपाट चौकोन). खरा घोळ डी-८ चा, म्हणजे बहुतेक वेळा निकेल +२ चा. निकेल आणि चार क्लोराइड: क्लोराइड कमजोर, आकार टेट्राहेड्रल, एकटे दोन, पॅरामॅग्नेटिक. निकेल आणि चार सायनाइड: सायनाइड तगडं, आकार स्क्वेअर प्लेनर, वरचं एक ऑर्बिटल (इलेक्ट्रॉनांची खोली) इतकं वर ढकललं जातं की आठही इलेक्ट्रॉन खालच्या चार ऑर्बिटलांत जोडीने बसतात. डायामॅग्नेटिक. यांच्या शेजारी निकेल टेट्राकार्बोनिल ठेवा, तेही टेट्राहेड्रल, पण डी-१० म्हणून डायामॅग्नेटिक. परीक्षकांचं हे लाडकं त्रिकूट आहे. तिन्हींची उत्तरं तीन वेगळ्या कारणांनी येतात, म्हणून कारण लिहिल्याशिवाय मार्क मिळत नाहीत.

पॅलेडियम +२, प्लॅटिनम +२ आणि सोनं +३ यांच्याबाबत विचार करायचा नाही. चार जागा असतील तर स्क्वेअर प्लेनर, डायामॅग्नेटिक. कर्करोगावरचं सिसप्लॅटिन हे औषध याच घरातलं.

टेट्राहेड्रलमध्ये ऑर्बिटलांच्या दोन मजल्यांतलं अंतर ऑक्टाहेड्रलच्या जेमतेम चार नवमांश. एवढ्याशा फरकासाठी इलेक्ट्रॉन जोडी करत नाहीत. म्हणून टेट्राहेड्रल दिसलं की हाय स्पिनच (जमतील तेवढे इलेक्ट्रॉन एकटे) धरा; जोड्या आधी लावल्या तर तो लो स्पिन.

*सावधान:* काही प्रश्नांत चुंबकत्व दिलेलं असतं आणि त्यावरून आकार विचारतात, काहींत उलट. दिलेलं काय आणि मागितलंय काय ते अधोरेखित करा. नाहीतर आकारावरून चुंबकत्व आणि चुंबकत्वावरून आकार अशी गोल फेरी सुरू होते.

टप्पा ४: आता लिगंडाची ताकद, तीही गरज असेल तरच

ऑक्टाहेड्रलमध्ये पाच डी-ऑर्बिटलांचे दोन मजले होतात. खाली तीन (टी-टू-जी), वर दोन (ई-जी). डी-१, डी-२, डी-३ ला खालच्या तीन खोल्या पुरतात, एकेकटे राहतात, वाद नाही. डी-८ ला खालच्या तीन खोल्या भरतात आणि वरच्या दोन खोल्यांत एकेक जातो. सायनाइड असो की पाणी, एकटे दोनच. डी-९ ला एक. म्हणजे स्ट्राँग की वीक हा प्रश्न फक्त डी-४, डी-५, डी-६, डी-७ साठी आहे.

निकेल +२ ला सहा अमोनिया जोडले की 'अमोनिया स्ट्राँग, म्हणून डायामॅग्नेटिक' असं लिहिणारे इथेच अडकतात. डी-८, ऑक्टाहेड्रल, एकटे दोन. अमोनियाच्या ताकदीचा इथे काही संबंध नाही.

डी-४ ते डी-७ मध्ये निवाडा एका तुलनेवर होतो: दोन मजल्यांतलं अंतर मोठं, की दोघांना एका खोलीत कोंबायचा खर्च मोठा? कोबाल्ट +३ मध्ये हा कोंबण्याचा खर्च साधारण २१,००० प्रति सेंटिमीटर (हे इथे ऊर्जेचं एकक) आहे. सहा फ्लोराइड असताना अंतर सुमारे १३,०००. वर चढणं स्वस्त, म्हणून हाय स्पिन, चार एकटे. सहा अमोनिया असताना अंतर सुमारे २३,०००. जोडी करणं स्वस्त, म्हणून लो स्पिन, एकटा कुणी नाही.

पण अंतर एकट्या लिगंडावर ठरत नाही. धातूवरचा भार वाढला की तेही वाढतं. तेच सहा अमोनिया कोबाल्ट +२ ला लावले तर अंतर १०,००० च्या आसपास येतं, कॉम्प्लेक्स हाय स्पिन होतो आणि तीन एकटे राहतात. म्हणून 'अमोनिया स्ट्राँग आहे का?' हा प्रश्नच अर्धवट आहे. कुणाबरोबर, ते आधी सांगा. कामापुरता हिशेब असा:

- सायनाइड आणि कार्बन मोनॉक्साइड: जवळपास नेहमी लो स्पिन.
- फ्लोराइड, क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड: पहिल्या ओळीच्या धातूंना हाय स्पिन.
- अमोनिया आणि ईएन: कोबाल्ट +३ ला लो स्पिन. अमोनिया लोह +२, मँगनीज +२, कोबाल्ट +२ ला हाय स्पिन.
- पाणी: हाय स्पिन, पण कोबाल्ट +३ सोडून. सहा पाणी असलेला कोबाल्ट +३ लो स्पिन, डायामॅग्नेटिक आहे. अपवाद म्हणून वहीत लाल पेनाने लिहा.
- रुथेनियम, ऱ्होडियम, इरिडियम यांसारखे खालच्या ओळींतले धातू: लिगंड न बघता लो स्पिन.

टप्पा ५: भरा आणि मोजा

- डी-४: हाय स्पिन ४ एकटे, लो स्पिन २
- डी-५: हाय स्पिन ५, लो स्पिन १
- डी-६: हाय स्पिन ४, लो स्पिन ०
- डी-७: हाय स्पिन ३, लो स्पिन १

शून्य फक्त एकाच जागी आहे. म्हणजे ऑक्टाहेड्रल कॉम्प्लेक्स डायामॅग्नेटिक असायला तीनच वाटा: डी-०, डी-१०, किंवा लो स्पिन डी-६. लो स्पिन डी-४ सुद्धा पॅरामॅग्नेटिकच, कारण खालच्या तीन खोल्यांत चौघे बसले की दोघे एकटे उरतात. मँगनीज +३ आणि सहा सायनाइड हे त्याचं उदाहरण. 'स्ट्राँग लिगंड म्हणजे डायामॅग्नेटिक' हे वाक्य कुठून जन्मलं ते आता दिसेल. सरावात सगळ्यात जास्त वेळा येतात ते लोह +२ आणि कोबाल्ट +३, दोन्ही डी-६. तेवढ्यावरून मुलांनी नियम करून टाकला.

*पडताळा:* डी-संख्या सम असेल तर एकट्यांची संख्या सम यायला हवी, विषम असेल तर विषम. डी-६ मध्ये एकटे ३ आले असतील तर भरताना कुठेतरी एखादा हरवलाय.

टप्पा ६: मॅग्नेटिक मोमेंट

मॅग्नेटिक मोमेंट म्हणजे एकट्या इलेक्ट्रॉनांमुळे आलेल्या चुंबकत्वाचं माप. सूत्र: √[एन × (एन + २)], एन म्हणजे एकट्यांची संख्या. एकक बोर मॅग्नेटॉन. एकटे १ ते ५ साठी उत्तरं १.७३, २.८३, ३.८७, ४.९०, ५.९२. एक युक्ती: दशांशाच्या डावीकडचा आकडा म्हणजेच एन. पेपरात ४.९० दिसलं की चार, ५.९२ दिसलं की पाच, वर्गमुळं काढत बसू नका.

प्रत्यक्ष मोजणीत मात्र आकडे तंतोतंत येत नाहीत. फेरिसायनाइडचा मोमेंट १.७३ ऐवजी सुमारे २.३ मिळतो. सहा पाणी असलेल्या कोबाल्ट +२ चा ३.८७ च्या जागी ५ च्या आसपास जातो. कारण स्पिनखेरीज इलेक्ट्रॉनच्या कक्षीय गतीचाही वाटा असतो आणि सूत्रात तो धरलेला नाही. २.३ पाहून 'म्हणजे दीड इलेक्ट्रॉन एकटा' असं कुणी लिहिलं तर हसू नका, मी ते लिहिलेलं पाहिलंय.

टप्पा ७: साधे रेणू

आधी एकूण इलेक्ट्रॉन मोजा. विषम असतील तर पॅरामॅग्नेटिक, विषय संपला. नायट्रिक ऑक्साइडात १५, नायट्रोजन डायऑक्साइडात २३, क्लोरीन डायऑक्साइडात ३३.

सम असतील तर *बहुतेक* डायामॅग्नेटिक, पण ऑक्सिजन इथेच दगा देतो. इलेक्ट्रॉन १६. ठिपक्यांचं चित्र काढलं तर सुरेख दुहेरी बंध आणि सगळ्या जोड्या पूर्ण. तरी द्रवरूप ऑक्सिजन शक्तिशाली चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ओतला तर तिथेच लोंबकळून राहतो. ठिपक्यांच्या चित्रातून हे कधीच कळणार नाही, म्हणून दोन अणूंच्या रेणूंना मॉलिक्युलर ऑर्बिटलच वापरा. ऑक्सिजनचे शेवटचे दोन इलेक्ट्रॉन सारख्याच ऊर्जेच्या दोन पाय-स्टार ऑर्बिटलांत वेगवेगळे बसतात. एकटे दोन.

क्रम भरताना एक खाच आहे. नायट्रोजनपर्यंत, म्हणजे बोरॉन, कार्बन, नायट्रोजन यांना, २पी चे पाय आधी आणि सिग्मा नंतर. ऑक्सिजन आणि फ्लोरीनला सिग्मा आधी. बोरॉनच्या रेणूला उलटा क्रम लावलात तर तो डायामॅग्नेटिक निघेल, प्रत्यक्षात तो पॅरामॅग्नेटिक आहे. कार्बनच्या रेणूचं बरोबर याच्या उलट.

पेरॉक्साइड आणि सुपरऑक्साइड यांतही गोंधळ होतो. सोडियम पेरॉक्साइडातल्या ऑक्सिजन-जोडीवर भार −२, इलेक्ट्रॉन १८, पाय-स्टार पूर्ण भरलेले, डायामॅग्नेटिक. पोटॅशियम सुपरऑक्साइडात भार −१, इलेक्ट्रॉन १७, पॅरामॅग्नेटिक. दोन्ही धातू +१ वर आहेत, त्यांचा इथे काही हात नाही.

आणि नायट्रोजन डायऑक्साइड. तपकिरी वायूची बंद नळी बर्फात धरा, रंग फिका पडत जातो. दोन रेणूंचे एकटे इलेक्ट्रॉन जोडी करून डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड बनतो आणि तो डायामॅग्नेटिक.

टप्पा ८: लँथॅनाइड, थोडक्यात

लँथॅनम +३ आणि सिरियम +४ मध्ये ४एफ रिकामं, ल्युटेशियम +३ मध्ये पूर्ण भरलेलं. हे डायामॅग्नेटिक. मोमेंटसाठी टप्पा ६ चं सूत्र लँथॅनाइडांना लावू नका, कारण त्यांत कक्षीय वाटा मोठा असतो. गॅडोलिनियम +३ हा सुखद अपवाद: सात एकटे, कक्षीय वाटा शून्य, सूत्राने येणारं ७.९४ तिथे चालतं. एमआरआयच्या आधी शिरेतून देतात त्या औषधात गॅडोलिनियम असतं ते या सात जणांमुळेच.

टप्पा ९: हातात बाटली असेल तर मोजायचं कसं

बीएस्सी, एमएस्सीच्या प्रयोगात गॉय बॅलन्स येतो. काचेची नळी तराजूला टांगलेली, तिचं खालचं टोक चुंबकाच्या ध्रुवांमध्ये, वरचं टोक क्षेत्राबाहेर. क्षेत्र चालू केल्यावर नळी जड वाटली तर पॅरामॅग्नेटिक, हलकी वाटली तर डायामॅग्नेटिक. क्रम असा ठेवा:

1. पदार्थ खलात बारीक कुटा. जाडेभरडे कण राहिले की मधे हवा राहते आणि दोन वाचनं जुळत नाहीत.
2. *रिकामी* नळी आधी तोला, क्षेत्र बंद आणि चालू. काच स्वतः डायामॅग्नेटिक असते, चालू क्षेत्रात रिकामी नळी हलकी भरते. ही वजाबाकी विसरली तर क्षीण पॅरामॅग्नेटिक पदार्थही डायामॅग्नेटिक दिसू शकतो.
3. थोडं भरा, टेबलावर हलकेच आपटा, पुन्हा थोडं भरा. एकदम ओतू नका. खुणेपर्यंतच भरा.
4. भरलेली नळी क्षेत्र बंद आणि चालू ठेवून तोला. पंखा बंद करा, दार लावा.
5. तीच नळी धुऊन, वाळवून, तेवढ्याच उंचीपर्यंत प्रमाणित पदार्थाने भरा. नेहमी वापरतात तो मर्क्युरी टेट्राथायोसायनेटोकोबाल्टेट, २० अंश सेल्सिअसला त्याची ग्रॅममागची ससेप्टिबिलिटी (क्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो त्याचं माप) जुन्या सीजीएस एककात १६.४४ × १०⁻⁶. त्यात पारा आहे, हातमोजे घाला, बेसिनमध्ये टाकू नका.

*सावधान:* पेसमेकर असलेल्या व्यक्तीने या खोलीत येऊ नये. मोबाइल, घड्याळ, एटीएम कार्ड बाहेर ठेवा.

पोलादी चमचा वापरू नका. विद्यार्थी असताना मी झिंक सल्फेट गंजलेल्या चमच्याने खरवडून भरलं होतं. नळी जड झाली. डी-१० आणि जड! दोन तास गणित तपासत बसलो. चूक गणितात नव्हतीच, गंजाच्या दोन-चार कणांनी जस्ताचा डायामॅग्नेटिझम गिळून टाकला होता. तेव्हापासून प्लास्टिकचाच चमचा.

हिशेब मोहर सॉल्टवर, म्हणजे फेरस अमोनियम सल्फेटवर, करून पाहू. समजा २९९ केल्विनला ग्रॅममागची ससेप्टिबिलिटी ३१.७ × १०⁻⁶ आली. रेणूभार ३९२, गुणून ०.०१२४३. आता डायामॅग्नेटिक दुरुस्ती. सगळ्या इलेक्ट्रॉनांचा तो क्षीण विरोध या आकड्यात वजा होऊन आलेला असतो, म्हणून तो *मिळवायचा*, वजा करायचा नाही. इथे साधारण ०.०००२, म्हणजे ०.०१२६३. तापमानाने गुणा, ३.७८. वर्गमूळ १.९४. गुणिले २.८२८, उत्तर सुमारे ५.५ बोर मॅग्नेटॉन. लोह +२, डी-६, सहा पाणी, हाय स्पिन, एकटे चार, सूत्राने ४.९०. कक्षीय वाटा धरता ५.५ ठीक आहे. उत्तर १.६ च्या आसपास आलं तर तापमान केल्विनऐवजी सेल्सिअसमध्ये टाकलंय का ते आधी बघा.

गॉय बॅलन्स नसेल तर घरी दोन द्राक्षं एका स्ट्रॉच्या दोन टोकांना टोचा, मधोमध दोरा बांधून टांगा, हलायचं थांबू द्या आणि निओडिमियम चुंबक एका द्राक्षाजवळ न टेकवता आणा. द्राक्ष हळूच दूर सरकेल. चुंबक उलटा करून दुसरा ध्रुव आणा, तरीही दूरच सरकेल.

सरावाला पाच

क्रोमियम +३ ला सहा अमोनिया. कोबाल्ट +३ ला तीन ईएन. लोह +३ ला सहा फ्लोराइड. तांबं +१ ला चार सायनाइड. आणि पाचवा जरा वेगळा: रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडल्यावर, आणि ऑक्सिजन धरल्यावर.

उत्तरं: तीन एकटे. शून्य. पाच. शून्य, टप्पा २ मध्येच. पाचव्यात ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनचं लोह +२, हाय स्पिन, चार एकटे, पॅरामॅग्नेटिक. त्याला दोन एकटे असलेला ऑक्सिजन येऊन चिकटतो तेव्हा बेरीज सहा होत नाही, शून्य होते. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कॉरिएल यांनी १९३६ मध्ये हे मोजून दाखवलं. दोन तुकड्यांचे एकटे वेगवेगळे मोजून बेरीज करायची नाही, बंध झाल्यावर नव्याने मोजायचं.